डायपर सोडवण्याआधीचा महिना

डायपर कधी सोडवायचा हे आम्ही वयावरून ठरवलं नाही. डायपर सलग दीड-दोन तास कोरडा राहतो का, शी लागली की मुलगी पडद्याआड जाऊन उभी राहते का आणि चड्डी स्वतः खाली ओढता येते का, एवढं पाहिलं. सव्वादोन वर्षांची झाली तेव्हा तिन्ही जमलं. तरी पुढचा महिनाभर डायपर चालूच ठेवून नुसती तयारी केली.

आधी शब्द ठरवले. घरात सगळ्यांनी 'शू' आणि 'शी' एवढंच म्हणायचं. एक 'सूसू' म्हणतो, दुसरा 'टॉयलेट', मग सांगायच्या घाईत पोराचा गोंधळ उडतो. डायपर बाथरूममध्ये, उभ्यानेच बदलायचा. त्यातली शी तिच्यासमोर कमोडमध्ये टाकायची, पण फ्लश तिला विचारून करायचा. त्या आवाजाला घाबरलेलं मूल कमोडजवळ फिरकत नाही.

पॉटीची खुर्ची बुटकी हवी. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, गुडघे कमरेपेक्षा किंचित वर. कमोडवर छोटी सीट लावणार असाल तर पायांखाली पाट किंवा स्टूल हवंच, कारण पाय लोंबकळत राहिले की नीट जोर लावता येत नाही आणि शी रोखणारे स्नायू सैल पडत नाहीत. तान्ह्या बाळाला पावलांवर बसवून शी करवण्याच्या आपल्याकडच्या पद्धतीतही गुडघे असेच वर येतात. बसवायचं जेवणानंतर 15-20 मिनिटांनी. पोटात अन्न गेलं की मोठं आतडंही हलू लागतं. तीन ते पाच मिनिटं पुरे. नाही झाली तर उठवायचं, आग्रह नाही.

सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं ते शी मऊ राहण्याकडे. एकदा दुखलं की मूल शी रोखून धरतं, आतडं तिच्यातलं पाणी शोषत राहतं, ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी आणखी दुखतं. पायांना अढी घालून, टाचा उचलून, लालबुंद तोंडाने उभं राहिलेलं मूल जोर लावत असतंच असं नाही. बहुधा ते रोखत असतं. आम्ही दिवसाचं दूध 400 मिलीपर्यंत आणलं, कारण दुधानेच पोट भरत होतं आणि भाजी-वरण ताटात उरत होतं. सोबत पपई, भिजवून कुस्करलेल्या मनुका, अधूनमधून पाणी. शी मऊ होईपर्यंत पॉटीचा विषयच काढला नाही. बरेच दिवस शी कडक असताना चड्डीला पातळ डाग लागू लागले तर ते जुलाब समजू नका. साठलेल्या शीच्या कडेने पातळ शी झिरपत असू शकते. अशा वेळी, किंवा शीत रक्त दिसलं तर, डॉक्टरांकडेच जायचं.

सामान थोडंच लागलं: सैल इलॅस्टिकच्या दहा सुती चड्ड्या आणि गादीवर घालायला रबरी शीट. सुरुवात एप्रिलमध्ये केली. पावसाळ्यात एवढ्या चड्ड्या वाळत नाहीत. मुलींना धुताना हात पुढून मागे न्यायचा, उलटा नाही. नाहीतर लघवीच्या जागी जंतुसंसर्ग होऊ शकतो.

रात्रीचा डायपर मात्र काढला नाही. झोपेत शू रोखणं शिकवून येत नाही, त्याला पुढे कित्येक महिने लागू शकतात. सकाळी डायपर सलग दोन आठवडे कोरडा मिळाला की मगच तो काढणार आहोत.