आमची वाटचाल: शिसं, साचा आणि सस्क्वेहाना

पेनसिल्व्हेनियात, हॅरिसबर्गच्या जरा वर, सस्क्वेहाना नदीकाठी आमचं दुकान 2003 साली उघडलं. मी मूळचा रत्नागिरीचा. भाट्याच्या खाडीत आजोबांबरोबर गरवायला जायचो, तेवढंच माझं शिक्षण. मंडळाच्या गणपतीत अजूनही कोणीतरी विचारतं, "तुमचं मासळीचं दुकान ना?" नाही. मासळी नाही, मासे धरायचं सामान. वीस वर्षं हेच सांगतोय.

आमची ओळख म्हणजे ट्यूब, म्हणजे मऊ प्लास्टिकचं पोकळ खोटं आमिष, आणि तिच्या आत बसणारं जिगहेड, म्हणजे शिशाचं डोकं ओतलेला गळ. ही नदी इथे जवळपास मैलभर रुंद, पण उन्हाळ्यात बऱ्याच ठिकाणी कमरेएवढंही पाणी नसतं. तळाला कातळाच्या आडव्या रांगा. इथला मासा म्हणजे स्मॉलमाउथ बास; तो त्या कातळाच्या पाठीशी, धारेच्या आडोशाला उभा असतो आणि वाहत येणाऱ्या, कोळंबीसारख्या क्रेफिशची वाट बघतो. पाव औंसाचं जिगहेड टाकलंत तर पहिल्याच फटीत गेलं म्हणून समजा. आम्ही त्याच्या निम्म्या वजनाची ओततो. याच नदीवर, खाली मिडलटाउनला, बॉब क्लाउजर यांनी 1980च्या दशकात शिशाचे डोळे बांधलेली माशी, म्हणजे गळावर केस बांधून केलेलं खोटं आमिष, तयार केली आणि ती जगभर गेली. तेव्हा शिसं किती आणि कुठे, हा इथला जुनाच वाद आहे.

ओतकाम मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, दारं सताड उघडी ठेवून. शिसं वितळलं की वर करडी साय धरते, ती पळीने काढून टाकायची. साचा आधी तापवायचा. गार साच्यात शिसं मध्येच थिजतं आणि डोकं अर्धंच उतरतं. आणि ओलसर शिसं भट्टीत कधीही टाकू नका. थेंबभर पाण्याची वाफ होते आणि सगळं अंगावर उडतं. माझ्या डाव्या मनगटावर त्याची खूण आहे, दुकानात आलात तर दाखवीन.

2005च्या उन्हाळ्यात नदीत स्मॉलमाउथची बोटभर लांबीची पिल्लं मरायला लागली. अंगावर पांढरट चट्टे, काठाशी उलटी पडलेली. पुढची काही वर्षं तेच. मग 2011पासून आमच्या पट्ट्यात धरलेला स्मॉलमाउथ लगेच सोडायचा असा नियम आला. पुढच्याच वर्षी पट्टा वाढला आणि 1 मे ते जूनच्या मध्यापर्यंत त्याच्या मागे लागायचंच नाही, असंही ठरलं. नियम योग्यच होता, मी तेव्हाही म्हणालो होतो. पण आमची निम्मी विक्री त्याच सहा आठवड्यांत व्हायची, हे कोणी विचारात घेतलं?

त्यात सप्टेंबर 2011मध्ये ‘ली’ नावाचं वादळ आलं. हॅरिसबर्गला 17 फुटांवर पूर धरतात; पाणी 25 फुटांवर गेलं. दुकानात छातीएवढं. रॉड वर टांगलेले होते म्हणून वाचले. रीलमध्ये गाळ, गळांच्या डब्यांत गाळ, ट्यूबच्या पिशव्या फुगून तरंगत होत्या. विम्याच्या माणसाने शांतपणे सांगितलं की पुराचा विमा वेगळा असतो. हप्ते घेताना हे सांगायला त्याला आठ वर्षं मिळाली होती.

आणि भागीदार. ट्यूबचा रंग आम्ही दोघांनी दोन हिवाळे घालवून बसवला होता. गढूळ हिरवा, त्यात तांबूस चमक, आणि शेवटी चिमूटभर काळी. पुरानंतर तिसऱ्या आठवड्यात तो म्हणाला, "मला नाही जमणार." ठीक. वसंत ऋतूत नदीपलीकडे, वेस्ट शोअरला, त्याचं स्वतःचं दुकान उघडलं. भिंतीवर आमचाच रंग, वेगळ्या नावाने. दोन साचेही तिकडेच निघाले. "ते माझे होते," म्हणाला. कागद कुठे होता? भागीदारी लिहून ठेवा. सख्खा भाऊ असला तरी लिहून ठेवा.

त्या दिवसांत दर शुक्रवारी एक माणूस यायचा. रेल्वेतून निवृत्त झालेला म्हातारा, रॉकव्हिलच्या 48 कमानींच्या दगडी पुलाखाली गरवणारा. पूर ओसरल्यावर आला, काही बोलला नाही, बादली मागितली आणि उरलेले साचे दात घासायच्या ब्रशने धूत बसला. संध्याकाळी निघताना नेहमीसारख्या दोन पिशव्या ट्यूब मागितल्या. गाळातल्याच घेतल्या, पूर्ण पैसे देऊन. "माशाला गाळाचं काय," म्हणाला.

गरवायला मला त्यानेच शिकवलं, खाडीतलं इथे काही चालत नाही. धारेच्या वर, तिरकं टाकायचं. रॉडचं टोक उंच. ट्यूब तळाला टकटक करत आपोआप खाली येऊ द्यायची, ओढायची नाही. दोऱ्यात किंचित ढील. "टोक नको बघू, दोरा बघ." दोरा थबकला किंवा बाजूला सरकला की झटका. टोकाला हिसका जाणवेपर्यंत थांबलात तर माशाने ती थुंकलेली असते. मासा सोडताना आधी हात ओले करा, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. आणि महागडा रील घेऊ नका. ते पैसे खिळ्यांच्या बुटांवर घाला, कातळ शेवाळलेला असतो.

2013पासून दुकान चाललं. 2020मध्ये घरात कोंडलेले सगळे नदीवर आले आणि आमच्याकडे विकायला रॉड उरला नाही. पलीकडचं दुकान त्याच्या आधीच बंद झालं होतं. मी काही म्हणत नाही.

म्हाताऱ्याला आता कातळावर उभं राहवत नाही. तरी शुक्रवारी सकाळी फोन येतो, "पाणी किती?" मी हॅरिसबर्गच्या पाणीपातळीचा आकडा बघून सांगतो, तीन पूर्णांक सहा फूट. "गढूळ?" थोडं. "मग काळी चिमूट जास्त टाक," म्हणतो आणि फोन ठेवतो.