चढा गंधार

"हे पडदे सरकत नाहीत होय?"

मिरजेत सतारीच्या दुकानात पॉलिशबद्दल विचारायला गेलो होतो. सोबत माझी अर्धवट इलेक्ट्रिक गिटार. सागवानी बॉडी, पिकअप अजून नाहीत, चाचणीपुरती एकच तार. दुकानातल्या काकांनी चौथ्या फ्रेटवर, म्हणजे त्यांच्या भाषेत पडद्यावर, बोट दाबलं, तार छेडली, कान जवळ नेला.

"गंधार चढलाय." म्हणजे 'ग' हवा त्याहून उंच लागतोय.

म्हटलं, काका, हिशेब पक्का आहे. तारेची लांबी ६४८ मिलिमीटर, भागिले १७.८१७, म्हणजे पहिला फ्रेट ३६.३७वर. उरलेल्या लांबीला पुन्हा तेच. व्हर्निअरने मोजून खाचा पाडल्यात.

"हिशेब बरोबर असंल की. गंधार चढाय."

मग त्यांनी मागची सतार ओढली, दोऱ्याने बांधलेला पडदा अंगठ्याने केसभर सरकवला आणि त्यांचा गंधार ऐकवला.

काका चुकले नव्हते. सप्तकाचे बारा सारखे भाग केले की गंधार शुद्ध जागेपेक्षा साधारण १४ सेंट (स्वरांमधलं अंतर मोजायचं माप) वर जातो. दोन फ्रेटमधल्या अंतराचा सातवा हिस्सा म्हणा. जगातल्या जवळपास सगळ्या गिटारी अशाच वाजतात. हे मी वाचलं होतं, वर चार लोकांना ऐटीत समजावलंही होतं. ऐकलं मात्र आज.

परतीच्या एसटीत गिटार मांडीवर, आणि मी तोच चौथा फ्रेट पुन्हा पुन्हा वाजवतोय. शेजारच्या आजींनी शेवटी जागा बदलली.

बाकीच्या पाच तारा लावायचा धीर होईना. आणि पॉलिशचं विचारायचं राहूनच गेलं.