चमचाभर पाणी आणि आमच्या बाई

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी ‘शाळेविषयी काहीही लिहा’ असं समितीचं पत्र आलं. काहीही म्हटलं तरी मला विज्ञानाच्या बाईच सुचतात. बाकीच्या शिक्षकांनी राग मानू नये. गॅदरिंग आणि सहलींवर इतर जण लिहितीलच.

मोठी संख्या नुसती फळ्यावर लिहून पुढे जाणं बाईंना मंजूर नव्हतं. पुस्तकात ‘सूर्य १५ कोटी किलोमीटरवर’ असं आलं, की त्या आम्हाला ताशी ८०० किलोमीटरच्या विमानात बसवायच्या आणि विचारायच्या, “उतराल तेव्हा वय काय असेल?” प्रवास निघायचा एकवीस वर्षांचा. म्हणजे आम्ही पस्तिशीला टेकलेले!

नववीतला तो पावसाळी दिवस आमच्या तुकडीला नक्की आठवत असेल. भिडे पूल पाण्याखाली गेला होता, त्यामुळे निम्मा वर्ग उशिरा आला. खडकवासला भरलं, दोन टीएमसी झालं, असा गलका चाललेला. कुणीतरी विचारलं, “बाई, टीएमसी म्हणजे किती?” खरं तर मोलचा, म्हणजे रेणूंची संख्या मोजायच्या एककाचा, धडा चालू होता. बाईंनी पुस्तक मिटलं. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, एका घनफुटात साधारण २८.३ लिटर, म्हणून दोन टीएमसी म्हणजे साडेपाच हजार कोटी लिटरच्याही वर. इथवर ठीक होतं. मग म्हणाल्या, “समजा चमचाभर, म्हणजे ५ मिलिलिटर पाण्यातल्या प्रत्येक रेणूवर खूण केली. ते पाणी भरल्या धरणात ओतलं आणि अख्खं धरण नीट ढवळलं. आता पुन्हा चमचा बुडवा. खुणेचे रेणू किती येतील?”

एखादा आला तर नशीब, असं आमचं एकमत झालं.

१८ ग्रॅम, म्हणजे एक मोल पाण्यात ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात इतके रेणू. तिथून घातांची वजाबाकी करत उत्तर आलं ते सुमारे दीड हजार कोटी. एका चमच्यात! मागच्या बाकावरून एक जण ओरडला (तो आता स्मरणिका समितीत आहे, म्हणून नाव लिहीत नाही), “पण बाई, एवढे मोजत बसलं कोण?” बाई म्हणाल्या, “वाण्याकडे तांदूळ दाणे मोजून घेतोस का रे? वजनावर घेतोस ना? मग?” मोल मला त्या क्षणी कळला. घंटा झाली तरी बाई थांबल्या नाहीत. पुढचा गणिताचा तासही त्यांनी खाल्ला, आणि गणिताचे सर दारात उभे राहून ऐकत होते.

आज सिंहगड रस्त्यावर माझी स्वतःची पॅथॉलॉजी लॅब आहे. डेंग्यूच्या दिवसांत रोज कुणीतरी रिपोर्ट घेऊन घाबरंघुबरं येतं, “मॅडम, आता फक्त दीड लाख प्लेटलेट्स उरल्यात हो!” मी त्यांना बसवते आणि सांगते, की हा आकडा सगळ्या अंगातला नाही, एका घनमिलिमीटर रक्तातला आहे. अंगात पाच लिटर रक्त धरलं तर तुमच्याकडे पंचाहत्तर हजार कोटी प्लेटलेट्स आहेत, काका. काका हसतात. दीड लाख ही नॉर्मलची खालची हद्द आहे, हे ते मग शांतपणे ऐकून घेतात. डॉक्टरांकडे मात्र मी त्यांना तरीही पाठवतेच. हे समजावणं मला मेडिकल कॉलेजात कुणी शिकवलं नाही.

मध्यंतरी शाळेत डोकावले. प्रयोगशाळेतल्या काळ्या कडाप्प्याच्या ओट्यांच्या जागी आता स्मार्ट बोर्ड आहे. छान आहे, पण मोठी संख्या त्यावर येते आणि लगेच पुढची स्लाइड येते.

माजी विद्यार्थ्यांनी शाळेला काय द्यावं, असंही समितीने विचारलं आहे. मी एक मायक्रोस्कोप देते. अट एकच, तो कपाटात कुलूपबंद राहता कामा नये. स्लाइड कशी करायची आणि एका चौकोनातल्या पेशी मोजून पुढचा हिशेब कसा मांडायचा, ते दाखवायला मी शनिवारी सकाळी येऊ शकते.