सत्तावीस आवर्तनं

आज दुपारी बाबांना अमेरिकन जॅझ पियानोवादक ड्यूक एलिंग्टनच्या बिग बँडचं, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदाचं, १९५६ च्या न्यूपोर्ट जॅझ महोत्सवातलं वादन ऐकवलं. बाबांनी इतवारीतल्या लग्नाच्या बँडमध्ये कितीतरी वर्षं क्लॅरिनेट वाजवली. एलिंग्टनच्या बँडमधल्या पॉल गोन्साल्विसचा सॅक्सोफोन सुरू झाला, तसे ते सरसावून बसले. बारा बारचं (म्हणजे तालाच्या बारा छोट्या खंडांचं) एक, अशी तब्बल २७ आवर्तनं! बाकीचे फुंकवाद्यवाले गप्प, मागे फक्त बास, ड्रम्स आणि एलिंग्टनचा पियानो.

"काय दम आहे बाप्पा, श्वास कुठून आणून राहिला हा?" बाबा म्हणाले. मी बघितलं तर त्यांची बोटं कुलरच्या वाऱ्यात मांडीवर चालत होती, नेमकी क्लॅरिनेटच्या भोकांवर असावीत तशी. मग पियानो एकटा पुढे आला आणि अख्खा बँड परतला. बाबा म्हणाले, पुन्हा लाव.