पाइप-झुंबर: फडफड थांबली, आता शेडचा विचार

काल रात्री पावणेअकराला जेवणाच्या टेबलावरचं पाइप-झुंबर पहिल्यांदाच अगदी खालच्या टोकापर्यंत मंद झालं आणि पाचही बल्ब स्थिर राहिले. फडफड नाही, घुंईघुंई नाही, बंद केल्यावर मागे रेंगाळणारा तो भुरका उजेडही नाही. अर्धा तास मी नुसती डिमरची (उजेड कमी-जास्त करणाऱ्या बटणाची) कळ खालीवर फिरवत बसले होते. घरात कारखानी धाटणीचे दिवे लावायचं काम चालू आहे, त्यातले मागच्या नोंदीनंतरचे तीन आठवडे या एकाच दुखण्यात गेले. तेव्हा आज बाकीच्या खोल्यांचं थोडक्यात आटोपते आणि हे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी याच जागी डोकं धरलं असणार.

झुंबर तुम्हाला आठवत असेलच: अर्धा इंची पाइप, चार टी (तीन तोंडांचे जोड), दोन एल्बो (काटकोनी जोड), छताला फ्लँज (पाइप धरणारी चकती), पाच ई-२७ म्हणजे चुडीचे होल्डर. बल्ब अंबर काचेचे, ४ वॅटचे एलईडी फिलामेंट (जुन्या बल्बाच्या तारेसारख्या दिसणाऱ्या एलईडी रेघांचे), २२०० केल्विन (हा उजेडाच्या रंगाचा आकडा, जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबूस). भिंतीवर स्विच आणि त्याच्या पुढे जुना ४०० वॅटचा गोल कळीचा डिमर. पूर्ण उजेडात सगळं ठीक वाटायचं. कळ निम्म्याखाली आली की बल्ब फडफडायला लागायचे, पाव उजेडावर दोन विझायचे, तीन लागायचे, मग उलट. आणि स्विच बंद केला तरी फिलामेंटच्या रेघा राखेतल्या निखाऱ्यासारख्या तेवत राहायच्या.

पहिला संशय बल्बांवर, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. सुरुवातीला घेतलेला संच ज्या विक्रेत्याकडून आला त्याच्या वर्णनात 'डिमेबल' होतं, खोक्यावर मात्र तो शब्दच नव्हता. तो संच परत पाठवला. दुसरा संच आणला, त्याच्या खोक्यावर तसं स्पष्ट छापलेलं. फडफड कमी झाली, गेली नाही.

तेव्हा पेन्सिलची परीक्षा केली. खोलीतले बाकीचे दिवे बंद करायचे आणि बल्बसमोर पेन्सिल झपाझप हलवायची. उजेड सलग असेल तर पेन्सिलीचा नुसता पुसट पंखा दिसतो. उजेड तुटक असेल तर सुट्या सुट्या पेन्सिली दिसतात. ५० हर्ट्झच्या विजेवर उजेड सेकंदाला १०० वेळा खालीवर होतो आणि तो सपाट करायचं काम ड्रायव्हरमधल्या (एलईडीला हवी तशी वीज करून देणाऱ्या सर्किटमधल्या) कपॅसिटरचं, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाचं. फिलामेंट बल्बात ड्रायव्हर असतो पितळी टोपणात, बोटाच्या पेराएवढ्या जागेत. तिथे मोठा कपॅसिटर मावतच नाही. माझी मुलगी पेन्सिल हलवत होती. पहिल्या संचाखाली ती ओरडलीच, "आई, बघ, किती पेन्सिली!" दुसऱ्या संचाखाली पंखाच दिसला. म्हणजे बल्ब चांगले होते. ही परीक्षा फुकट आहे, बल्ब घरी आला की खोकं फेकायच्या आधी करून टाका.

मग दुखणं कुठे? एका जुन्या जाणत्या वायरमन काकांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, पाचातला एक काढा आणि तिथे जुना चाळीस वॅटचा पिवळा, तारेचा बल्ब लावून बघा." लावला. कळ खाली नेली आणि सगळं शांत! उरलेले चार एलईडीही एकदम गुणी झाले.

काकांनी फोनवर जे समजावलं ते असं. जुन्या डिमरमध्ये ट्रायॅक, म्हणजे एक इलेक्ट्रॉनिक स्विच असतो. विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेत तो उशिरा चालू होतो आणि चालू राहण्यासाठी त्याच्यातून ठरावीक किमान प्रवाह वाहत राहावा लागतो. ४०० वॅटचा डिमर पिवळ्या बल्बांसाठी बनलेला, त्याला मुळात बराच मोठा भार हवा. माझे पाच बल्ब मिळून २० वॅट, तेही मंद केल्यावर आणखी कमी. ट्रायॅक मध्येच हात सोडतो, परत धरतो, परत सोडतो. आपल्याला दिसते ती फडफड. शिवाय तो उशिरा चालू होतो तेव्हा २३० व्होल्टच्या लाटेचा माथा ३२५ व्होल्टपर्यंत असतो, आणि ड्रायव्हरवर ती वीज एकदम आदळते. बल्बांची घुंईघुंई त्यातूनच येत होती.

बंद केल्यावरच्या उजेडाचं कारणही काकांनीच हेरलं. "स्विचवर निऑन आहे का?" आहे. अंधारात स्विच सापडावा म्हणून लावलेला तो तांबडा ठिपका स्विचच्या दोन टोकांवर जोडलेला असतो. स्विच बंद असताना त्याची चिमूटभर वीज बल्बांमधूनच परत जाते. पिवळ्या बल्बाला ती जाणवतही नाही, एलईडीला तेवायला पुरते. मेन बंद केला, टेस्टरने खात्री केली, निऑनची एक तार सोडवली. रात्री खोली पहिल्यांदा खरोखर काळोखी झाली. स्विचच्या कडेला आता अंधारात चमकणारी चिकटपट्टी लावली आहे, काम भागतं. ज्यांच्याकडे निऑन नसतानाही बल्ब तेवतात त्यांनी दोन गोष्टी तपासा: स्विच फेजऐवजी न्यूट्रल तर तोडत नाही ना, आणि स्विचची तार दुसऱ्या चालू तारेला चिकटून लांबवर तर धावत नाही ना.

पिवळा बल्ब कायमचा ठेवायचा नव्हता. तो तापतो, आणि पाचात एकटा वेगळा दिसतो. म्हणून ट्रेलिंग-एज डिमर आणला. हा लाटेच्या सुरुवातीला शून्यावर चालू होतो आणि शेवटचा भाग कापतो, त्यामुळे धक्का बसत नाही आणि थोड्या वॅटवरही तो टिकतो. आत एक बारीक स्क्रू असतो. त्याने सगळ्यात खालची पातळी ठरवता येते, बल्ब विझायच्या जरा वर ती लावून ठेवायची. माझं स्पष्ट मत: एलईडी फिलामेंट लावायचे असतील तर जुन्या डिमरवर एक संध्याकाळही घालवू नका. मी दोन आठवडे घालवले.

डिमर बसवला. चार बल्ब लोण्यासारखे मंद झाले. तिसरा फडफडतच राहिला.

त्या रात्री मी खरोखर हताश झाले. दोन कारणं शोधून काढली होती, दोन्ही पटण्यासारखी होती, तरी लक्षण तसंच. दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरा बल्ब पहिल्या होल्डरात लावला आणि पहिला तिसऱ्यात. फडफड बल्बाबरोबर गेली नाही, तिसऱ्या होल्डरातच राहिली. आणि मग लक्षात आलं की काकांच्या सांगण्यावरून लावलेला चाळीसचा बल्ब मी नेमका तिसऱ्याच होल्डरात लावला होता! पिवळ्या बल्बाचं फिलामेंट इतकं तापलेलं असतं की वीज क्षणभर तुटली तरी उजेड हलत नाही. माझ्याच चाचणीने तिसरा दोष झाकून ठेवला होता.

होल्डर उघडला. आत कापडी वेष्टणाची पीळदार तार. बाहेरून सगळं नेटकं, स्क्रू घट्ट. चष्मा काढून, डोळा अगदी जवळ नेऊन पाहिलं तेव्हा दिसलं: वेष्टणाचा एक तपकिरी सुती धागा स्क्रूखाली तांब्याबरोबर दबला होता. स्क्रूने पकडला होता धागा. तांब्याचे बहुतेक तंतू बाजूला पसरलेले, दोन-तीन कसेबसे टेकलेले, त्यांची टोकं काळपट. हलक्या बोटाने तार ओढली तर निघून हातात आली. जेवणाच्या टेबलावर हे असं लटकत होतं, या विचाराने पोटात गोळा आला. अशी सैल जोडणी तापते, आणि आग लागते ती अशाच ठिकाणी.

मग पाचही होल्डर उतरवले. वेष्टण स्क्रूपासून १५ मिलिमीटर मागे कापलं, त्याच्या तोंडावर हीट-श्रिंक (तापवली की आवळून बसणारी नळी) चढवून धागे बांधून टाकले, तांब्याच्या टोकांना फेरूल (तंतू एकत्र धरणाऱ्या धातूच्या टोप्या) दाबल्या आणि मग स्क्रू. प्रत्येक तार ओढून पाहिली. फेरूलसाठी चौकोनी दाबणारी पक्कड घ्या. साध्या पकडीने चेपलेली फेरूल दिसायला बरी दिसते आणि नंतर निसटते. होल्डर उघडलेच होते म्हणून फेज मधल्या जिभेवर आणि न्यूट्रल चुडीवर आहे ना तेही पाहिलं, म्हणजे बल्ब बदलताना बोट चुडीला लागलं तरी धोका कमी. पाइपाला अर्थिंग होतंच, मल्टिमीटरने पुन्हा फ्लँजपासून शेवटच्या एल्बोपर्यंत सलगता तपासली. एका चुडीत मी टेफ्लॉनची पट्टी जास्त गुंडाळली होती, तिथे रीडिंग डळमळलं. पट्टी काढून टाकली. या पाइपातून पाणी जायचं नाही, धातूला धातू लागलेला बरा. त्यानंतर कालची रात्र.

बाकीच्या खोल्यांची हालचाल थोडीच. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या दोन एनॅमल शेड फारच छान बसल्या आहेत. बाहेरून हिरव्या, आतून पांढऱ्या, कारखान्यात असायच्या तशा. आतला पांढरा रंग शोभेचा नाही. पोलादावर सुमारे ८०० अंशांना वितळवून चढवलेली ती काच असते, उजेड खाली ढकलते आणि ओल्या फडक्याने पुसली की नवी. झोपायच्या खोलीत पलंगाच्या बाजूला जाळीचे बल्कहेड (भिंतीला लागून बसणारे बंद दिवे) लावले, पण जाळीच्या सावल्या भिंतीवर काळ्या पट्ट्यांसारख्या पडत होत्या. आतली स्वच्छ काच बदलून दुधी बसवली आणि सावल्या विरघळल्या. बाथरूमसाठीही तोच प्रकार, फक्त आयपी-६५ चा, म्हणजे पाण्याचे फवारे सोसणारा. अभ्यासाच्या टेबलावरच्या दिव्याचा स्प्रिंगचा हात अजून हळूहळू खाली बसतो. १९३० च्या दशकात जॉर्ज कारवर्डाइन या मोटारींच्या सस्पेन्शनवर काम करणाऱ्या इंजिनिअरने हा तोल स्प्रिंगांनी साधला होता. माझ्या स्प्रिंगा मूळ शेडच्या वजनाच्या आहेत आणि मी वर जड शेड चढवली आहे. शेड हलकी करायची की स्प्रिंगा बदलायच्या, ते पुढच्या वेळी.

आता नवी गोष्ट. आज सकाळी मुलगी त्याच पाइप-झुंबराखाली चित्र रंगवत होती. मी हौसेने उजेड थोडा मंद करून दिला. तिने समुद्र रंगवला. नंतर खिडकीत नेऊन पाहिला तर अर्ध्या लाटा हिरव्या. तिला निळा आणि हिरवा खडू वेगळे ओळखूच आले नव्हते. २२०० केल्विनच्या उजेडात निळा मुळातच कमी, त्यात अंबर काच उरलेला निळाही गाळून घेते. दुसरं म्हणजे, पिवळा बल्ब मंद करत नेला की त्याचा रंग आणखी तांबूस होत जातो. हे एलईडी तेवढ्याच रंगात फक्त अंधारतात. तीन आठवडे मी उजेड स्थिर आहे की नाही एवढंच पाहत होते. टेबलावरचं ताट, वही, माणसाचा चेहरा त्या उजेडात कसा दिसतो हे पाहिलंच नव्हतं.

आधी ठरवलं होतं की मधले तीन बल्ब बदलून २७०० केल्विनचे, सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वरचे लावायचे. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की झुंबराची जागाच चुकली आहे. उघडे बल्ब बघण्यासाठी असतात, त्यांच्याखाली काम करण्यासाठी नाहीत. हे झुंबर बैठकीच्या खोलीतल्या कोपऱ्यात जाईल. तिथे फक्त ऊब हवी आहे आणि वाचायला वेगळा दिवा आहेच. टेबलावर एकच मोठी खोल एनॅमल शेड, आत पांढऱ्या काचेचा २७०० चा बल्ब, आणि तोच नवा डिमर.

वजनाचं आधीच बघावं लागेल. या पाइपाचं वजन मीटरला सव्वा किलोच्या आसपास, फिटिंग धरून झुंबर चार किलोंच्या पुढे जातं. कोपऱ्यात स्लॅबमध्ये नवे अँकर ठोकावे लागतील, तिथे फक्त प्लास्टरमधला जुना हुक आहे आणि त्याच्यावर मी काहीच टांगणार नाही.

शेड मागवण्याआधी पुठ्ठ्याचा शंकू करून दोरीने टांगला आहे. व्यास ४० सेंटिमीटर, खालची कड टेबलापासून ७५ सेंटिमीटर. कारखान्यात अशी शेड चार-पाच मीटर उंचीवर असायची आणि माणूस बराच खाली. इथे आपण तिच्या शेजारीच बसतो, म्हणून बसल्यावर बल्ब डोळ्यांना दिसता कामा नये. माझ्या खुर्चीतून दिसत नाही. मग मुलीला तिच्या खुर्चीत बसवलं. तिचे डोळे माझ्यापेक्षा बरेच खाली, कडेखालून वर बघितलं की बल्बचा निम्मा गोळा सरळ तिच्या डोळ्यांत. शंकू खाली आणला तर मला समोरच्याचा चेहरा दिसेना. म्हणून शंकू होता तिथेच ठेवला आणि आत होल्डर ४ सेंटिमीटर वर सरकवला. ती म्हणाली, "आता नाही दिसत." शेड मागवताना उंचीत एवढी खोली धरायची आणि होल्डरसाठी आखूड निपल (चुडीची नळी) घ्यायचं, असं वहीत लिहून ठेवलं आहे.