झिगोंदासची लाल वाइन आणि काळ्या मसाल्यातली वांगी

"अगं, तारा कुठायत? मांडवच दिसत नाही!"

व्हिडिओ कॉलवर अण्णांचा पहिला प्रश्न हा. मी झिगोंदास गावातल्या एका द्राक्षबागेत उभी होते, दक्षिण फ्रान्समध्ये, आव्हिन्योंहून गाडीने तासाभराच्या आत पोचता येतं तिथे. सप्टेंबरचा शेवट, खुडणी चालू. निफाडच्या द्राक्षबागेत उभा जन्म गेलेल्या माणसाला ते दृश्य पटेना. लोखंडी अँगल नाहीत, तार नाही, तारेवर आडवे पसरलेले ओलांडे नाहीत. कमरेएवढी वाकडीतिकडी खोडं, प्रत्येक वेल आपापल्या पायावर झुडपासारखी उभी.

"पाणी किती देतात, विचार."

विचारलं. ठिबक नव्हतंच. पावसाचं मुरेल तेवढ्यावर वेल जगते. वय ६०-७० वर्षं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. आमच्याकडे बाग १५ वर्षांची झाली की ती काढायची बोलणी सुरू होतात.

मिस्त्राल वाऱ्याबद्दल ऐकलं होतं, तो त्या सकाळी अंगावर घेतला. उत्तरेकडून ऱ्होनच्या खोऱ्यातून येणारा हा कोरडा वारा ओढणी गळ्यात टिकू देत नाही. पण पाऊस पडून गेला की तोच पानं झटपट सुकवतो, म्हणून डाउनी या बुरशीरोगाची भीती कमी. डाउनीपायी रात्ररात्र फवारणी करणारे अण्णा आठवले आणि त्या वाऱ्याचा मला मनापासून हेवा वाटला. समोर दांतेल द मोंमिरायचे चुनखडीचे सुळके, आणि बागेच्या कडेला पाय पडेल तिथे रानथाइम नि रोझमेरीचा वास. या खुरट्या, सुगंधी रानाला तिथे गारिग म्हणतात.

इथे पूर्वी ऑलिव्हची झाडंही पुष्कळ होती. १९५६च्या फेब्रुवारीत कडाक्याची थंडी पडली, ती झाडं मेली आणि त्या जागी द्राक्षवेली आल्या. १९७१ साली गावाच्या नावाने वाइन विकायचा स्वतंत्र दर्जा मिळाला. लाल वाइन मिश्रणाची असते. मोठा वाटा ग्रनाश या द्राक्षजातीचा, सोबतीला सिरा आणि मुरवेद्र. ग्रनाशचा मणी मी तोंडात टाकला. आमच्या निर्यातीच्या १८ मिलिमीटरच्या मण्यापुढे तो बारका, बिया भरपूर, पण गोडी अशी की बोटं चिकटली. त्या साखरेमुळेच इथल्या बाटलीवर १४.५ टक्के अल्कोहोल सहज लिहिलेलं दिसतं.

दुपारी गावातल्या चौकात झाडाखाली जेवायला बसलो. पेला आधी आला, जेवण नंतर. पहिला घोट घेतला आणि जीभ ओढली गेली. जांभूळ खाल्ल्यावर बसतो तसा तुरटपणा. वास मात्र सुरेख होता. पिकलेल्या तुतीचा, थोडा करवंदाचा, आणि मागून ताज्या कुटलेल्या मिऱ्याचा. मिऱ्याचा हा वास कुणी वरून घातलेला नसतो. रोटंडोन नावाचं जे द्रव्य काळ्या मिऱ्यात असतं, तेच सिराच्या सालीत असतं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८मध्ये हे दाखवून दिलं. नाशिकची शिराज वाइन ज्यांनी प्यायली आहे त्यांना हा वास ओळखीचा वाटेल, कारण शिराज म्हणजे सिराच.

मग कोकराच्या खांद्याचं मांस आलं. लसूण, थाइम, काळी ऑलिव्ह, तासन्‌तास मंद आचेवर शिजून हाडापासून सुटलेलं. एक घास, एक घोट. जीभ ओढणारा तुरटपणा चरबीत आणि मांसात विरघळून गेला, मागे राहिलं फळ. नंतर मिरी आणि सकाळी पायाखाली आलेला थाइमचा वास. ही वाइन रिकाम्या पोटी, नुसती पिऊन तिच्याबद्दल मत बनवणं मला अन्यायाचं वाटतं. ती घासाबरोबर प्यायचीच वाइन आहे.

माझा मुक्काम जवळच व्हेझों-ला-रोमेनला होता. मंगळवारी तिथे मोठा बाजार भरतो. चकचकीत काळी वांगी दिसली आणि राहवलं नाही. आईने दिलेला काळा मसाला आणि शेंगदाण्याचं कूट सोबत होतंच. घरच्यासारखी झणझणीत भाजी केली आणि कालचीच वाइन उघडली. जुळलं नाही. तिखट आणि अल्कोहोल एकमेकांना पेटवतात. घशात जाळ झाला आणि तुतीचा मागमूस राहिला नाही.

दुसऱ्या रात्री पुन्हा केली. लाल तिखट वगळलं, काळा मसाला निम्मा, कूट दुप्पट, तेल सढळ हाताने, गूळ नाही. बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून किंचित गार केली, कारण कोमट झाली की तिचं अल्कोहोल नाकात चढतं. या वेळी दगडफुलाचा लाकडासारखा, मातकट वास सरळ त्या गारिगच्या वासाला जाऊन मिळाला. लवंग आणि सिराचा मिरीपणा एका घरातले वाटले. कुटाच्या स्निग्धपणाने तुरटपणाला धरलं, मटणाच्या चरबीने धरलं होतं तसंच. आपल्या जेवणाबरोबर लाल वाइन चालत नाही असं सरसकट म्हणतात, ते मला आता मान्य नाही. मसाला चालतो, मिरचीचा जाळ चालत नाही.

उरलेला पेलाभर सकाळी ओतून द्यावासा वाटेना, म्हणून बूच लावून ठेवला. दुपारी गार भाजी आणि पावाच्या कडक कडेबरोबर घेतला, तर आदल्या रात्रीपेक्षा मऊ लागला.

अण्णा माळकरी. त्यांना मी वांग्यांचा फोटो पाठवला, बागेचे अजून चार पाठवले. त्यांचं उत्तर लगेच आलं: "त्या म्हाताऱ्या खोडाचा जवळून पाठव. छाटणी कुठे घेतलीय ते दिसलं पाहिजे."