दहा दिवसांच्या गोळ्या

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. त्याच्या संमतीने हे लिहीत आहे. त्याचे आणि गावाचे नाव येऊ द्यायचे नाही, एवढीच त्याची अट आहे. आजार ओळखायला आम्हाला सहा महिने लागले, डॉक्टर मिळायला दोन आठवडे लागले, पण महिनाभर पुरतील इतक्या गोळ्या सरकारी रुग्णालयातून एका वेळी हातात पडायला त्यानंतर आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

सुरुवातीचे थोडक्यात सांगतो. त्याची झोप उडाली, रात्री तो अंगणात फेऱ्या मारू लागला, दिवसा वावराच्या धुऱ्यावर बसून कोणाशी तरी बोलू लागला, आणि जेवणात काहीतरी कालवले जाते या संशयाने फक्त आईच्या ताटातले खाऊ लागला. आम्ही इतर घरांप्रमाणेच आधी देवाधर्माचे केले. एका ठिकाणी पाच मंगळवार नेले. त्यात वेळ गेला, याची खंत आहे. मग आमच्या गावातील आशाताई दुसऱ्याच कामासाठी घरी आल्या असता त्यांनी त्याला पाहिले आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, हे बाहेरचं नाही. याच्यावर गोळ्या असतात. लवकर दाखवा." टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांकही त्यांनीच वहीच्या कागदावर लिहून दिला. मी रात्री अकरा वाजता फोन लावला. पलीकडच्या ताई मराठीत बोलल्या, वीस मिनिटे शांतपणे ऐकून घेतले, त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांवरून त्याच्याशी वाद घालू नका असे सांगितले आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटायला सांगितले. हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. तो दाराच्या मागे लिहून ठेवावा, असे मी प्रत्येकाला सांगतो.

पहिले पाच महिने आम्ही शहरातील खाजगी डॉक्टरांकडे गेलो. भाऊ तेव्हा एसटीत बसायला तयार नव्हता, म्हणून अडुसष्ट किलोमीटरसाठी दर वेळी गाडी भाड्याने करावी लागे, तिचे बावीसशे रुपये. डॉक्टरांची फी सहाशे, महिन्याच्या गोळ्या चोवीसशेच्या आणि सुरुवातीच्या तपासण्या पाच हजारांच्या. पाच महिन्यांत एकतीस हजार झाले. आमच्या हिशेबात तो जवळपास साडेचार क्विंटल कापूस होतो, आणि आमच्याकडे पाच एकर कोरडवाहू आहे. उपचार उत्तम होता, भाऊ तिसऱ्या महिन्यापासून रात्री झोपू लागला होता. म्हणून त्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्यांनी स्वतःच सांगितले की याच गोळ्या सरकारी रुग्णालयात फुकट मिळतात, तिथेही मानसोपचारतज्ज्ञ आहेत, खर्च झेपत नसेल तर संकोच करू नका. त्यांनी औषधांची नावे मोठ्या अक्षरांत, कंपनीचे नाव न घालता लिहून दिली: रिसपेरिडोन, आणि तिच्यामुळे येणारा हातापायांचा ताठरपणा कमी करणारी ट्रायहेक्सीफेनिडिल. कंपनीच्या नावाऐवजी औषधाचे मूळ नाव कागदावर असणे पुढे फार उपयोगी पडले, कारण त्याच कागदावर जनऔषधी केंद्रातही गोळ्या घेता आल्या आणि तिथे त्या पूर्वीपेक्षा कितीतरी स्वस्त पडल्या.

आता सरकारी रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीविषयी. पाच महिन्यांनंतर आम्ही जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जाऊ लागलो.

सकाळी साडेसहाची पहिली एसटी धरली की आम्ही पावणेनऊला जिल्ह्याच्या ठिकाणी पोहोचत असू. केस पेपरची रांग, मग बाह्यरुग्ण विभागात मानसोपचारतज्ज्ञांची रांग. आतले डॉक्टर चांगले होते. भावाला नावाने ओळखत, आईची विचारपूस करत. ते केस पेपरवर महिनाभराच्या गोळ्या लिहीत. साडेअकराच्या सुमारास आम्ही औषधांच्या खिडकीपाशी येत असू आणि तिथे रोज एकच वाक्य ऐकायला मिळे: "दहा दिवसांचंच भेटते. बाकी पुढच्या वेळी."

पहिल्या वेळी मला वाटले, साठा कमी असेल. दुसऱ्या वेळी मी विचारले की डॉक्टरांनी तीस दिवसांचे लिहिले आहे, मग दहा दिवसांचे का. खिडकीच्या जाळीआडून उत्तर आले की डॉक्टरांनी लिहिले तरी इथला नियम इथे चालतो. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी स्वतः कागदावर "रुग्ण दुरून येतो, एक महिन्याचे औषध द्यावे" असे लिहून सही केली. तो कागद घेऊन मी परत रांगेत उभा राहिलो, तेव्हा सांगण्यात आले की सहीखाली शिक्का नाही. शिक्का घ्यायला गेलो तोवर बाह्यरुग्ण विभागाची वेळ संपली होती आणि डॉक्टर वॉर्डात गेले होते. चौथ्या वेळी शिक्का होता, पण रिसपेरिडोन नव्हती. ट्रायहेक्सीफेनिडिल तेवढी मिळाली. ज्या मुख्य गोळीमुळे दुसरी गोळी घ्यावी लागते, ती मुख्य गोळीच नाही आणि दुसरी मात्र आहे, ही स्थिती समजावून सांगण्याचा मी प्रयत्न केला, पण मागच्या माणसाने "भाऊ, सरका ना" म्हटले आणि मी सरकलो.

पाचव्या वेळी मी एकटा गेलो, कारण सोयाबीन काढणी सुरू होती आणि एकाने तरी मळणीयंत्रापाशी थांबणे भाग होते. त्या दिवशी खिडकीवर विचारणा झाली, "पेशंट कुठं आहे? पेशंट आणल्याशिवाय या गोळ्या देत नाही." केस पेपर माझ्या हातात होता, आधार कार्डाची झेरॉक्स होती, मागच्या चार वेळांच्या नोंदी त्याच कागदावर होत्या. उपयोग झाला नाही. खिशात त्या दिवशी परतीच्या भाड्यापुरतेच पैसे होते, म्हणून बाहेरूनही गोळ्या घेता आल्या नाहीत. काढणीच्या गडबडीत पुन्हा जाणे लांबत गेले, नऊ दिवस गोळ्यांविना गेले आणि बाराव्या दिवशी मला भाऊ पुन्हा धुऱ्यावर बसून बोलताना दिसला. ते दृश्य मी विसरू शकत नाही. इतक्या महिन्यांत जे कमावले होते, ते एका खिडकीमुळे हातचे जाते की काय, या भीतीने मी त्या रात्री झोपलो नाही.

त्यानंतर त्याला घेऊन गेलो तो दिवस सर्वांत वाईट होता. सोमवार होता, गर्दी खूप होती. आवाज परत आलेल्या माणसाला त्या गोंगाटात दोन तास उभे राहणे काय असते, हे रांगेतल्या कोणाला कळणार नाही. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, मले इथं नाही बसवत. लोकं माह्याकडेच पाहून राहिले." मी म्हटले, दहाच मिनिटे, नंबर आलाच आहे. खिडकीतून गोळ्यांची पाकिटे घेऊन वळलो तर तो जागेवर नव्हता. वॉर्ड पाहिले, गेट पाहिले, मग बसस्थानकापर्यंत धावत गेलो. तो आमच्या फलाटावरच्या शेवटच्या बाकावर, दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून, आमची एसटी लागण्याची वाट पाहत बसला होता. रसवंतीवाल्याने त्याला पाणी दिले होते. मी त्याच्या शेजारी बसलो आणि माझ्या हातातल्या गोळ्या मोजल्या. वीस होत्या. रोज दोन, म्हणजे दहा दिवस.

हिशेब सांगतो, कारण फुकट या शब्दामागे काय असते ते कळावे. दोघांचे जाण्यायेण्याचे भाडे चारशेच्या वर, महिन्यातून तीन फेऱ्या, म्हणजे बाराशेहून अधिक. शिवाय दोघांची तीन दिवसांची मजुरी बुडते ती वेगळी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कार्ड आमच्याकडे आहे, पण ती योजना रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते, दर महिन्याच्या गोळ्यांना तिचा आधार नाही. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केस पेपर आणि उपचार निःशुल्क झाले आहेत, हे खरे आहे आणि मोठे आहे. मात्र तो निर्णय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांसाठी नव्हता, म्हणून आपण जातो ते रुग्णालय कोणत्या विभागाचे आहे, हे आधी विचारून घ्यावे.

मार्ग निघाला तो तालुक्याच्या न्यायालयातून. गावातील एका निवृत्त गुरुजींनी सुचवले म्हणून मी तालुका विधी सेवा समितीत गेलो. तिथे मोफत वकील मिळतो आणि मानसिक आजार असलेल्या व्यक्तीचा त्यावर हक्क आहे. तिथल्या वकील ताईंनी मला मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 याचे कलम 18 वाचून दाखवले. त्यात स्पष्ट लिहिले आहे की शासनाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मानसिक आजारावरील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत सदैव आणि विनामूल्य उपलब्ध असली पाहिजेत. सदैव हा शब्द मी त्यांना दोनदा वाचायला लावला. त्याच कलमात असेही आहे की जिल्ह्यात शासनाची किमान सेवाच उपलब्ध नसेल, तर जिल्ह्यातील अन्य ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च शासनाने सोसायचा आहे.

त्यांनी एक पानाचा अर्ज लिहून दिला. त्यात कोणावर आरोप नव्हता. पाच तारखा, प्रत्येक तारखेला लिहून दिलेल्या आणि प्रत्यक्ष मिळालेल्या गोळ्यांची संख्या, कलमाचा उल्लेख आणि एक महिन्याचे औषध नातेवाइकाच्या हाती देण्याची विनंती, एवढेच होते. तो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे होता. आवक विभागात आधी "ठेवून जा" असे सांगितले गेले. मी ठेवून गेलो नाही. दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि आवक क्रमांक मिळेपर्यंत मी त्या टेबलासमोर पाऊण तास उभा होतो, आणि माझ्या स्वभावात नसलेली ही गोष्ट मी केली, याचा मला आज अभिमान वाटतो. अर्ज द्यायचा असेल तर पोच घेतल्याशिवाय हलू नये.

आठव्या दिवशी फोन आला. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील समाजसेविका बोलत होत्या. त्यांनी अर्ज वाचला होता आणि त्यांना खरोखर वाईट वाटलेले त्यांच्या आवाजातून कळत होते. त्या म्हणाल्या, "दादा, तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आमची टीम दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी येते. डॉक्टर असतात, गोळ्या असतात. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

ते ग्रामीण रुग्णालय आमच्या गावापासून चौदा किलोमीटरवर आहे. मी तिथून दर आठवड्याला बाजाराला जाताना जातो. या काळात केस पेपरवर गावाचे आणि तालुक्याचे नाव किती जणांनी लिहिले असेल, ते मी मोजू शकत नाही. त्यांतल्या एकानेही हे वाक्य उच्चारले नाही आणि रुग्णालयाच्या भिंतीवरही ते कुठे लिहिलेले नव्हते. म्हणून ज्यांना हा आजार घरात आहे त्यांनी पहिल्याच दिवशी विचारावे: मानसिक आरोग्याची टीम आमच्या तालुक्यात कोणत्या वारी येते? खिडकीवर विचारू नये, मानसोपचार विभागातील समाजसेवक किंवा परिचारिकेला विचारावे. आशाताईंनाही विचारता येते. आमच्या ताईंनाही तो गुरुवार माहीत नव्हता, आता त्या इतरांना सांगतात आणि गेल्या तीन महिन्यांत शेजारच्या गावातील दोन कुटुंबे माझ्याबरोबर आली आहेत.

अपंगत्व प्रमाणपत्राबद्दल अनेक जण विचारतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे आणि प्रमाण चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक भरले तर सवलती मिळतात. आम्ही अर्ज केलेला नाही. भावाला ते नको आहे आणि तो निर्णय त्याचा आहे.

गेले पाच महिने आम्ही दुसऱ्या गुरुवारी ग्रामीण रुग्णालयात जातो. दहा वाजता गेलो की साडेअकराला मोकळे होतो. तीस दिवसांच्या गोळ्या मिळतात. एकदा रिसपेरिडोन कमी होती, तेव्हा समाजसेविकांनी पुढच्या मंगळवारी ती आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचवली. तरीही मी घरात सात दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या ठेवतो, जनऔषधी केंद्रातून विकत घेऊन, कारण पावसाळ्यात नाल्याला पूर आला की आमचा रस्ता दोन-दोन दिवस बंद असतो. केस पेपर जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावा आणि प्रत्येक वेळी त्याचा मोबाईलवर फोटो काढावा, हेही सांगायचे राहिले होते. माझ्या अर्जातल्या पाचही तारखा मला त्या फोटोंमुळेच देता आल्या.

मागच्या गुरुवारी मी वावरात कामात होतो. भाऊ एकटाच ऑटोने गेला, दुपारी परत आला आणि पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "मोजून घे, दादा." मी मोजल्या. साठ होत्या.